आधी पीएस मार

1 जुलै 1998 ला आमचं वाशिम अकोल्यापासून वेगळा जिल्हा झाला. त्या सुमारास मी अमरावतीला युनिक्स शिकत होतो. मशीन एकच, त्याला जोडलेली पाच-सहा टर्मिनलं. प्रोग्रॅम अडकला की सर म्हणायचे, "बटणाला हात लावू नको, आधी पीएस मार." एंटर दाबलं की यादी यायची: कोणाचं काय चालू आहे, त्याचा क्रमांक कोणता, प्रोसेसरचा किती वेळ खाल्ला. शेजारच्या मुलाचा न संपणारा लूपही त्यातच सापडायचा.

बेल लॅब्समधल्या युनिक्सच्या तिसऱ्या आवृत्तीत, 1973 मध्ये, पीएस ही आज्ञा आली. एका पीडीपी-11 मशीनवर अनेकजण एकदम काम करत. मशीन सगळ्यांचं, तर आत काय चाललंय ते विचारायचा हक्कही सगळ्यांचा, हे मला आजही मोलाचं वाटतं.

सुरुवातीचं पीएस कर्नलची, म्हणजे युनिक्सच्या गाभ्याची, मेमरी थेट वाचायचं. कर्नल नवा आणि त्याच्या नावांची फाईल जुनी असली की उत्तर भलतंच. 1984 मध्ये टॉम किलियन यांनी त्यावर सुंदर तोड काढली: चालू असलेली प्रत्येक प्रोसेस 'प्रॉक' डिरेक्टरीत फाईलसारखी दिसू द्यायची. लिनक्सने पुढे तेच घेतलं. 1984 मध्येच विल्यम लेफेव्हर यांनी 'टॉप' लिहिलं. त्यात यादी आपोआप ताजी होत राहते.

वाशिमला परतलो ते भारनियमनाच्या दिवसांत. लाईन आली की सर्व्हर सुरू व्हायचा, डेटाबेस सुरू होईलच असं नाही. पीएसची यादी ग्रेप या शोधणाऱ्या आज्ञेतून गाळून त्याचं नाव दिसेपर्यंत मी कोणाला नोंद करू देत नसे. गाळलेल्या यादीत ग्रेप स्वतःही दिसतो. नवखा माणूस नेमका तिथे फसतो.

आता सेवा केंद्रांवर विंडोज. 2001 मध्ये एक्सपी प्रोफेशनलसोबत आलेलं 'टास्कलिस्ट' तिथे पीएसचं काम करतं. जुलैत पीकविम्याची रांग लागली की ब्राउझर अडकतो आणि पोरं थेट मशीन बंद करायला निघतात. क्रोम 2008 पासून टॅब वेगवेगळ्या प्रोसेसमध्ये चालवतं, म्हणून टास्कलिस्टमध्ये एकाच नावाच्या ओळींवर ओळी येतात. त्यातली कोणती कुठल्या टॅबची, ते क्रोममध्ये शिफ्ट-एस्केप दाबल्यावर कळतं. अडकलेला टॅब तेवढा बंद करायचा. दुसऱ्या टॅबमधला रिसोडच्या शेतकऱ्याचा अर्धा भरलेला अर्ज शाबूत राहतो.