तेल जावे, पेंड राहावी

बी घाण्यात भरडले की तेल आणि पेंड वेगळी होतात. बाजारात भाव तेलाला, पण जमिनीचा हिशेब मांडला तर खरे मोल पेंडीचे. तेल कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजनचे बनते आणि ही तिन्ही पिकाला हवापाण्यातून मिळतात. मातीतून उचललेले नत्र, स्फुरद, पालाश जवळजवळ सगळे पेंडीत उरते. इंग्लंडच्या रॉयल ॲग्रिकल्चरल सोसायटीचे रसायनतज्ज्ञ जॉन ऑगस्टस व्होलकर १८८९ च्या अखेरीस हिंदुस्थानात आले, वर्षभर हिंडले आणि १८९३ च्या अहवालात त्यांनी हाच मुद्दा मांडला: अख्खे तेलबी परदेशी धाडणे म्हणजे जमिनीचा कस धाडणे. तोवर रेल्वे आणि सुएझ कालव्याने वाट सोपी केली होती. मुंबई बंदरातून जवस आणि इतर तेलबिया युरोपातल्या गिरण्यांकडे जात. तिथे निघालेली पेंड तिथली जनावरे खात आणि शेणखत तिथल्याच शेतांत पडे.

यावर पहिला आक्षेप असा की निर्यातीनेच शेतकऱ्याच्या हाती रोकड आली. ते खरे आहे, शेतसारा रोखीतच भरावा लागे. पण घाणे इथेच चालवून तेल विकले असते, तरी रोकड आलीच असती. दुसरा आक्षेप, पेंड मातीत घालण्यापेक्षा जनावराला घालावी. शेंगदाण्याच्या पेंडीपुरता तो रास्त आहे, मात्र शेण शेतात पोचले तरच. जळणाअभावी त्याच्या गोवऱ्या झाल्या की साखळी चुलीत तुटते. एरंडीच्या पेंडीत तर रायसिन हे विष असते आणि करंजाची पेंड कडू, म्हणून त्या थेट शेतात जात. नीरा कालव्यावरच्या उसाला पेंड कुटून बुडाशी टाकत, मातीआड करत आणि पाणी सोडत. एरंडीच्या पेंडीत नत्र सुमारे ४ टक्के, अमोनियम सल्फेटमध्ये जवळपास २१. नत्राच्या किलोमागे रासायनिक खत स्वस्त पडते, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण पेंड हळूहळू कुजत नत्र सोडते आणि सेंद्रिय द्रव्यही देते. ते अमोनियम सल्फेट देत नाही.

व्होलकरांचा हिशेब आजही मिटलेला नाही. आपण निम्म्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि सोयाबीनची पेंड निर्यात करतो. म्हणजे हवापाण्यातून बनलेले विकत घेतो आणि मातीतले विकतो. सोयाबीन आपले बरेचसे नत्र हवेतून घेते, हे मान्य. स्फुरद आणि पालाश मात्र मातीतूनच येतात, आणि पालाशचे खत तर आपण जवळजवळ पूर्णपणे आयातच करतो. निर्यात बंद करा, असा याचा अर्थ नाही. पेंडीच्या भावात मातीतून गेलेल्या अन्नद्रव्यांची किंमत धरावी आणि तेवढी भरपाई त्याच शिवाराला मिळावी, इतके तरी धोरणाने करायलाच हवे.