माजलगावी पोचलेली बातमी

माजलगाव तालुक्यात गोदावरीच्या दक्षिण तीरावर पुरुषोत्तमपुरी नावाचे गाव आहे. अधिक मासात येथे पुरुषोत्तमाच्या दर्शनाला दूरदूरचे लोक लोटतात, आणि एरवी गाव आपल्या शेतीभातीत मग्न असते. याच गावाच्या नावाने ओळखला जाणारा, यादव राजा रामचंद्रदेव याचा एक ताम्रपट म. म. वासुदेव विष्णु मिराशी यांनी संपादून विद्वानांपुढे ठेवला. शके १२३२, म्हणजे इ. स. १३१० सालचे हे दानपत्र. मंत्री पुरुषोत्तम याच्या अग्रहाराची व्यवस्था लावणे हा त्याचा हेतू. परंतु दानाच्या मजकुराआधी वंशप्रशस्ती देण्याचा जो प्रघात होता त्यास अनुसरून रामचंद्राच्या विजयांचे वर्णन येते, आणि वाराणसी त्याने म्लेच्छांच्या हातून सोडविल्याचाही उल्लेख येतो. आता ज्या वर्षी ही अक्षरे तांब्यावर कोरली गेली त्या वर्षीची देवगिरीची वस्तुस्थिती पाहावी. १२९६ साली अल्लाउद्दीन खिलजीने ती नगरी लुटली होती. पुढे काही वर्षांनी मलिक काफूरने खुद्द राजाला धरून दिल्लीस पाठविले होते. आणि 'रायरायान' हा किताब घेऊन परत आलेला रामचंद्र दिल्लीचा खंडणीदार होऊन राज्य करीत होता. यातले काहीही ताम्रपटात नाही. राजकारण आणि परराज्यसंबंध यांविषयी या तालुक्यात लेखी उतरलेले, मला ठाऊक असलेले हे सर्वांत जुने वृत्त. आणि दरबारातून खाली येणारे वृत्त दरबाराला डाचणारी गोष्ट वगळून येते, हा अनुभव या मुलखाच्या वाट्याला तेव्हापासून आलेला आहे.

मोगलाईत वाकेनवीस आणि अखबारनवीस हे सरकारी नोकर होते. सुभ्यात काय घडले, कोणता जमीनदार फिरला, कोठे दुष्काळ पडला, हे ते लिहीत आणि हरकाऱ्यांहाती हुजुरास पाठवीत. त्या व्यवस्थेत बातमी खालून वर जाई. ज्यांच्याविषयी ती लिहिली जाई त्यांना ती वाचून दाखविण्याचे कोणाच्या मनातही आले नसेल. १० ऑगस्ट १७६३ रोजी आजच्या गेवराई तालुक्यात, गोदेच्याच काठी राक्षसभुवनला माधवराव पेशव्यांच्या सैन्याने निजामअलीच्या फौजेचा पराभव केला आणि त्याचा दिवाण विठ्ठल सुंदर त्या रणात पडला. पुणे आणि हैदराबाद या दोन्ही दरबारांच्या राजनीतीला कलाटणी देणारी ही घटना. तिची पत्रे राजधान्यांकडे धावली असतील. पण नदीच्या उतारावर वसलेल्या मंजरथच्या किंवा माजलगावच्या कुणब्याला राज्याचा पालट समजायचा तो वसुलाला येणारा कमाविसदार यंदा कोणाच्या शिक्क्याचा कागद दाखवितो यावरून.

निजामी अमलात तालुक्याचे हे ठिकाण सरकारी कागदांत मांजलेगाव म्हणून लिहिले जाई. जिल्ह्यावर अव्वल तालुकदार, तालुक्यावर तहसीलदार, आणि दोघांचाही कारभार उर्दूत. सरकारी राजपत्र, ज्याला 'जरीदा' म्हणत, तेही उर्दूतच निघे. त्यातला हुकूम कचेरीतल्या एखाद्या मराठी जाणणाऱ्या अहलकाराच्या तोंडून पाटलाकडे, पाटलाकडून कोतवालाकडे आणि तेथून हलगीच्या तालावर गल्लोगल्ली जाई. दवंडी हेच गावाचे बातमीपत्र होते, आणि त्यात फर्मान, लिलाव, सारा भरण्याची मुदत एवढाच मजकूर असे.

आरोग्याची बातमी मात्र सरकारची वाट पाहत नसे. १८९६ साली मुंबईत शिरलेला प्लेग पुढच्या वर्षांत निजामी मराठवाड्यातही आला, तेव्हा कोणा डॉक्टराच्या अहवालापूर्वी 'उंदीर पडू लागले' हे शब्द घरोघर फिरले आणि ते ऐकताच लोक गाव सोडून माळावर झोपड्या घालून राहू लागले. १९१८ च्या इन्फ्लुएंझाला लोकांनी मानमोडी म्हटले, पटकीच्या साथीत मरीआईच्या नावाने नवस केले. त्या उपायांतले काही निरुपयोगी होते, हे खरे; पण उंदीर पडले की घर सोडावे हे ज्ञान अचूक होते, आणि ते अडाणी म्हणविल्या गेलेल्या माणसांनी एकमेकांना दिले होते. प्लेगचा जंतू पिसवेमार्फत माणसापर्यंत येतो, हे शास्त्राने सिद्ध केल्यावर त्यांच्या या निरीक्षणाला पुस्तकात जागा मिळाली.

राजकीय बातमीचा मार्ग याहून बिकट होता. हैदराबाद संस्थानात सभेला परवानगी लागे. ती सक्ती करणारा 'गश्ती निशान ५३' हा हुकूम त्या काळच्या कार्यकर्त्यांना तोंडपाठ होता. संस्थानात वृत्तपत्र चालविणे सरकारच्या मर्जीवर असल्यामुळे आ. कृ. वाघमारे यांनी १९३८ साली 'मराठवाडा' हे साप्ताहिक पुण्याहून काढले. निजाम सरकारने त्यावर बंदी घातली की ते दुसऱ्या नावाने निघे, त्यावर बंदी आली की तिसऱ्या. स्वतःच्या जिल्ह्यात काय घडते हे कळण्यासाठी परमुलखात छापलेला अंक लपवून आणावा लागतो, या अवस्थेत एक पिढी वाचू लागली. वाचनालये आणि अंबाजोगाईच्या योगेश्वरीसारख्या शाळा सरकारला का खुपत होत्या, याचे उत्तर येथेच आहे.

१९४७-४८ या वर्षाकडे पाहताना मन अधिक काळ रेंगाळते, कारण त्या वर्षी परराष्ट्रनीती माजलगावच्या वेशीत येऊन उभी राहिली. नोव्हेंबर १९४७ मध्ये हैदराबाद आणि भारत यांच्यात 'जैसे थे' करार झाला. पुढच्या ऑगस्टात निजामाने आपली तक्रार संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे नेली आणि १६ सप्टेंबर १९४८ रोजी पॅरिस येथे तिचा विचार सुरू झाला. ज्या गावांतून रझाकार या निजामपक्षीय सशस्त्र संघटनेच्या भीतीने माणसे रातोरात सरहद्दीबाहेरच्या छावण्यांकडे निघून गेली होती त्या गावांच्या भवितव्यावर पॅरिसात भाषणे होत होती, आणि त्याच वेळी भारतीय फौजा हैदराबादकडे सरकत होत्या. हैदराबाद रेडिओवरून रझाकारांच्या पराक्रमाच्या घोषणा येत, दिल्लीच्या रेडिओवरून त्यांचे खंडन येई, आणि ज्याच्या घरी रेडिओ असे त्याच्या ओसरीवर दारे लावून दोन्ही ऐकले जाई. ऐकणाऱ्यांना यांतले खरे कोणते हे स्वतःच ठरवावे लागे. १७ सप्टेंबरच्या सायंकाळी निजामाने स्वतः रेडिओवरून युद्धबंदी जाहीर केली, तेव्हा संस्थानी नभोवाणीने प्रजेला दिलेली बहुधा पहिली महत्त्वाची खरी बातमी तिच्या धन्याच्या शरणागतीची ठरली. या घटनेआधी महिनाही झाला नव्हता तो 'इमरोज' या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा हैदराबादेत खून झाला होता. भारतात विलीन व्हावे असे त्यांनी उघडपणे लिहिले, एवढाच त्यांचा अपराध. मराठवाड्याच्या मुक्तीच्या इतिहासात या उर्दू संपादकाचे नाव आपण जितक्या वेळा घ्यावयास हवे तितक्या वेळा घेत नाही, याची मला खंत वाटते.

त्यानंतरचा काळ थोडक्यात सांगण्याजोगा आहे. 'मराठवाडा' औरंगाबादेत आला, अनंत भालेराव त्याचे संपादक झाले आणि १९६८ साली ते दैनिक झाले. त्याच वर्षी परभणीला आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, आणि गोदेपलीकडचा आवाज ट्रान्झिस्टरमधून माजलगावच्या शेतापर्यंत ऐकू येऊ लागला. आगगाडी नसलेल्या या गावात वर्तमानपत्राचे गठ्ठे एस. टी. च्या टपावरून येत. पुढे बीडहून निघणारी दैनिकेही आली. रेडिओच्या प्रादेशिक बातमीपत्राचा साचा लोकांच्या कानात बसला: आधी ठळक बातम्या, मग दिल्लीतले निर्णय, परदेश दौरे, मुंबईचे मंत्रिमंडळ आणि शेवटी जिल्ह्यांची वार्ता. पावसाळ्यात त्या शेवटच्या भागात सिंदफणेवरच्या माजलगाव धरणाचा पाणीसाठा सांगितला जातो, आणि त्या एका वाक्यासाठी सारे बातमीपत्र ऐकणारे शेतकरी या तालुक्यात आहेत.

१९९४ साली हा क्रम उलटला आणि जिल्हा स्वतःच ठळक बातमी झाला. ऑगस्टमध्ये बीडजवळच्या मामला गावी उंदीर पडू लागले, घरांत पिसवांचा सुळसुळाट झाला, मग लोकांच्या जांघेत आणि काखेत गाठी आल्या. १९६६ नंतर देशात प्लेगचा रुग्ण नोंदला गेला नव्हता. त्यामुळे सप्टेंबरात मामल्यापाठोपाठ सुरतेहून न्यूमोनिक प्लेगची बातमी आली तेव्हा सुरतेतून माणसांचे लोंढे बाहेर पडले आणि आखाती देशांनी भारताची विमाने रोखली. आरोग्य आणि परराष्ट्रव्यवहार ही दोन निरनिराळी खाती एका दिवसात एकाच बातमीत आली. माझ्या दृष्टीने त्या प्रकरणातली महत्त्वाची गोष्ट अशी, की मामल्याच्या लोकांनी पिसवांची तक्रार साथ जाहीर होण्यापूर्वीच केली होती. शंभर वर्षांपूर्वीचीच सूचना त्यांनी दिली होती.

तशीच दुसरी एक बातमी याहून कितीतरी अधिक काळ घरांत राहिली. दिवाळीनंतर बीड जिल्ह्यातली गावे अर्धीअधिक रिकामी होतात. नवराबायकोचा 'कोयता' मुकादमाकडून उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात ऊसतोडीला जातो. तेथे एक दिवस काम चुकले तर खाडा पडतो आणि पैसे कापले जातात. पाळीचा त्रास, पांढरे जाणे, पोटदुखी यांनी बेजार झालेल्या, तिशीही न ओलांडलेल्या बायकांना खाजगी दवाखान्यांतून 'पिशवी काढून टाका' असा सल्ला मिळत गेला आणि त्यांनी तो मानला. 'हिची पिशवी काढली' हे वाक्य बायकांच्या बोलण्यात इतके रुळले होते की त्यात सांगण्यासारखे काही आहे असे कोणास वाटत नसे. २०१९ साली वृत्तपत्रांनी ते छापले, शासनाने समिती नेमली, आणि पाहणी केलेल्या सुमारे ८२ हजार ऊसतोड स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. त्यानंतर जिल्ह्यातल्या खाजगी रुग्णालयांना अशा शस्त्रक्रियेसाठी जिल्हा शल्यचिकित्सकांची पूर्वपरवानगी घेण्याचे बंधन घालण्यात आले.

ती परवानगी मागणारे अर्ज येतात, काही मंजूर होतात, काही फेटाळले जातात. म्हणजे आकडा कचेरीत उपलब्ध असतो. कोरोनाच्या काळात रुग्णांचा जिल्हावार आकडा रोज सायंकाळी वाचून दाखविणे शक्य झाले होते, आणि धरणातल्या पाण्याची टक्केवारी तर दर पावसाळ्यात वाचली जाते. तेव्हा ऊसतोडीच्या हंगामाआधी आणि हंगामानंतर, जिल्ह्यांच्या वार्तेत, या शस्त्रक्रियांचा तालुकावार आकडाही वाचला जावा, आणि माजलगावच्या बायकांनी तो ऐकावा, अशी माझी मागणी आहे.