लातूर पॅटर्नचा उरलेला अर्धा भाग

दहावीचा निकाल लागला आणि दोन दिवसांनी मामाच्या मुलीचा स्क्रीनशॉट आला. ऑस्ट्रेलियातल्या एका विद्यापीठाचा कोर्स : ग्लोबल स्टडीज आणि सायन्स, दोन पदव्या मिळून चार वर्षं. एकीकडे स्थलांतर, देशादेशांतलं राजकारण, एखादी परकी भाषा; दुसरीकडे जीवशास्त्र किंवा गणित. खाली तिने लिहिलं होतं, 'दादा, असं खरंच असतंय का?'

संध्याकाळी मामाचा फोन. 'दोन-दोन डिग्र्या घेऊन लोकं करायलेत काय? तिला सांग, लातूरला नंबर लागायलाय, गुमान जा.'

अहमदपूर हे नांदेड-लातूर रस्त्यावरचं गाव. आमच्याकडे हुशार पोरगं दहावी झालं की त्याला एस.टी.त बसवून लातूरला धाडतात. मलाही धाडलं होतं. इतिहासाचं पुस्तक त्याच उन्हाळ्यात रद्दीत गेलं. ज्या क्लासला होतो, तिथे एकदा वर्तमानपत्र वाचताना सापडलो, तर सरांनी सगळ्यांसमोर विचारलं, 'यातून किती मार्कांचं येतं?' तेव्हा मीही हसलो होतो.

ऑस्ट्रेलियाची फी सोयाबीनच्या पैशांत बसणार नाही, हे तिलाही कळतं. तिचा प्रश्न वेगळा होता. विज्ञान शिकणाऱ्या माणसाने जगही शिकावं, ही कल्पना आपल्याकडची आहे की परदेशातली चैन? मी शोधू लागलो, आणि पहिलं उत्तर लातुरातच निघालं.

लातूर पॅटर्न म्हणजे जादा तास, न सांगता घेतलेल्या चाचण्या, सराव पेपर, पोरांमागे लागणारे शिक्षक. तो प्रामुख्याने राजर्षी शाहू महाविद्यालयात घडला. हे कॉलेज १९७० सालचं. त्याला नाव मिळवून देणारे प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे. ते भौतिकशास्त्राचे असतील असं मी इतकी वर्षं धरून चाललो होतो. ते निघाले इंग्रजी साहित्याचे! आणि त्यांच्या अभ्यासाचा विषय कोणता, तर अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं साहित्य. त्यावर त्यांनी मराठीत पुस्तक लिहिलं.

हा विषय मराठवाड्यात आकाशातून पडला नव्हता. १९४६ मध्ये डॉ. आंबेडकरांनी अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहिलं होतं. तिथल्या कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे अर्ज केला होता, त्याच्या प्रती त्यांना हव्या होत्या. अस्पृश्यांच्या प्रश्नासाठीही तशी वाट धरता येईल का, हा विचार त्यामागे होता. १९५० मध्ये त्यांनी औरंगाबादेत कॉलेज काढलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपाला आलं. १९६६ मध्ये अमेरिकेत ब्लॅक पँथर उभी राहिली आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर. नाव सरळ तिथून घेतलेलं. अमेरिकेतल्या गुलामांच्या नातवंडांनी काय लिहिलं, हे मराठीत वाचणं इथल्या काही लोकांसाठी अगदी घरचा प्रश्न होता. आजच्या कोर्सच्या भाषेत ह्यालाच ग्लोबल स्टडीज म्हणत असावेत.

म्हणजे ज्या माणसाचं एक बोट जगाच्या नकाशावर होतं, त्याच्याच हाताखाली बारावी सायन्सचा नामांकित कारखाना घडला. आम्ही वेळापत्रक उचललं, नकाशा तिथेच राहू दिला. यात वाघमारेंना दोष द्यावा असं मला वाटत नाही. ज्या भागात डॉक्टर-इंजिनियर होणं ही पुण्या-मुंबईची मक्तेदारी वाटत होती, तिथे आधी मार्क मिळवून देणं हेच मोठं काम होतं. ते स्वतः पुढे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. हे विद्यापीठ १७ सप्टेंबर १९९४ रोजी सुरू झालं. तारीख मुद्दाम निवडलेली, मराठवाडा मुक्तिदिनाची.

त्याआधी आमच्या पूर्वजांना विज्ञानाची पदवी हवी असली तर काय करावं लागे? निजामाच्या राज्यात विद्यापीठ एकच, हैदराबादचं उस्मानिया, १९१८ सालचं. विज्ञानासकट सगळं उर्दूत. त्यासाठी १९१७ मध्येच भाषांतराचं खातं उघडून इतिहासापासून रसायनापर्यंतची पुस्तकं उर्दूत आणायला सुरुवात झाली होती. एका बाजूने हे जबरदस्त काम होतं. देशी भाषेत वैद्यक आणि इंजिनियरिंग शिकवून दाखवलं त्यांनी. दुसऱ्या बाजूने, मराठी घरातल्या पोराला प्रयोगशाळेत शिरायला आधी भाषेचा डोंगर चढावा लागे. त्यामुळे कित्येक जण राज्याबाहेर गेले. गोविंदभाई श्रॉफ कलकत्त्याहून गणितात एम.एस्सी. आणि वकिलीची पदवी घेऊन आले, औरंगाबादेत शिक्षक झाले आणि मग मुक्तिसंग्रामात उतरले. गणित आणि कायदा एकाच डोक्यात ठेवायला त्यांना कुणाची परवानगी लागली नाही.

पण मामाचा मुद्दा उरतोच : उपयोग काय? त्यासाठी मला थोडं लांब, गोव्यापर्यंत जावं लागेल. खरं म्हणजे माझ्याच लॅपटॉपपर्यंत.

मी काही काळ पिकांच्या बियाण्यांवरच्या संशोधनासाठी लागणाऱ्या सॉफ्टवेअरवर काम केलं. त्यात एक सेटिंग होतं, दोन-चार पर्यायांपैकी एक निवडायचा. एका पर्यायाचं नाव 'कोसंबी'. मला वाटलं, जपानी असेल. निघाले आपले दामोदर धर्मानंद कोसंबी, जन्म १९०७, गोव्यातला. रंगसूत्रावर दोन जनुकं किती लांब आहेत हे थेट मोजता येत नाही. पिढी बदलताना ती कितीदा एकमेकांपासून सुटतात यावरून अंतराचा अंदाज बांधायचा. त्याचं एक सूत्र त्यांनी १९४४ मध्ये मांडलं. ते आजही जगभर वापरात आहे.

हेच कोसंबी प्राचीन भारताचे इतिहासकार. वडील धर्मानंद पालीचे पंडित, हार्वर्डला कामासाठी गेले, तेव्हा १९१८ मध्ये मुलालाही घेऊन गेले. पुढे तिथेच शिकताना गणितावरच लक्ष दे, असा सल्ला त्यांना मिळाला होता. त्यांनी तो मानला नाही, भाषा आणि इतर विषय घेत राहिले. १९२९ मध्ये पदवी मिळाली.

त्याचं पुढे काय झालं ते बघा. तक्षशिलेला चांदीच्या जुन्या आहत नाण्यांचे साठे सापडले होते. त्यांच्यावर राजाचं नाव नाही, साल नाही, नुसते ठसे. पंडित त्या ठशांचे अर्थ लावत बसले होते. कोसंबींनी तराजू काढला. नाणं हातोहात फिरलं की झिजतं. मग वजनावरून त्याचं वय का काढू नये? त्यांनी आपल्या काळातली चलनी नाणी तोलून झिजेचा हिशेब पाहिला, मग प्राचीन नाणी हजारोंनी तोलली. मागच्या बाजूला खुणा जितक्या जास्त, तितकं सरासरी वजन कमी. म्हणजे त्या खुणा फिरत्या नाण्यांवर ठरावीक काळाने मारल्या जात होत्या. त्यावरून नाण्यांचा आधी-नंतरचा क्रम लागू लागला. नुसत्या इतिहासकाराला हे सुचलं नसतं आणि नुसत्या गणितज्ञाने ती नाणी हातात घेतली नसती.

हे मी मामाला सांगितलं. त्यांनी लगेच विचारलं, 'मग त्यांचं भलं झालं का?' प्रश्न रास्त होता. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ते १९४५ पासून होते. १९६२ मध्ये त्यांचा करार पुढे वाढवला गेला नाही. गणितज्ञ म्हणायचे, हा इतिहासात वेळ घालवतो. इतिहासातल्या अनेकांना हा बाहेरचा वाटायचा. १९६६ मध्ये पुण्यात ते वारले, वय ५८. खोटं कशाला सांगू, दोन्ही दगडांवर पाय ठेवणाऱ्याला आपल्याकडे बसायला खुर्ची नीट मिळत नाही.

आता नियम तरी बदललेत. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने शाखांच्या भिंती पाडायचं म्हटलं आणि २०२२ मध्ये यूजीसीने एकाच वेळी दोन पदव्या घ्यायला मोकळीक दिली. कागदावर.

अकरावीचा फॉर्म भरताना आम्ही दोघं व्हिडिओ कॉलवर होतो. सायन्सला ऐच्छिक विषय म्हणून भूगोल घेता येतो, हे मला तेव्हा कुणी सांगितलंच नव्हतं. तिने स्वतः शोधून काढलं होतं. गणित ठेवलं, जीवशास्त्र ठेवलं आणि भूगोल टाकला. मागून मामाचा आवाज आला, 'भूगोलाची ट्यूशन लातूरला कुठं लागती, ते तरी बघा.'