बिनभाड्याच्या खोलीचं भाडं

आपल्याकडे तुरुंगाला बिनभाड्याची खोली म्हणायची पद्धत आहे. बोस्टनमध्ये चार्ल्स स्ट्रीटवर अशा बिनभाड्याच्या खोल्यांची एक दगडी इमारत आहे. १८५१ पासून १९९० पर्यंत, म्हणजे जवळजवळ १४० वर्षं, तिथे सरकारी पाहुणे राहिले. २००७ पासून मात्र तिथे भाडं घेतात, आणि तेही चांगलं सणसणीत! चार्ल्स स्ट्रीट जेलचं आता बुटीक हॉटेल झालं आहे. नाव काय, तर 'लिबर्टी'. नाव ठेवणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद द्यायलाच हवी.

गंमत म्हणजे इमारत बांधली गेली तीच मुळी चांगल्या हेतूने. बोस्टनमध्ये लुई ड्वाइट नावाचे एक धर्मोपदेशक होते. तुरुंग सुधारायचे, या ध्यासापायी त्यांनी १८२५ मध्ये एक संस्थाच काढली होती. वास्तुविशारद ग्रिडली ब्रायंट यांनी त्यांच्या सल्ल्याने या तुरुंगाचा आराखडा केला. अधिक चिन्हासारख्या चार बाजू, मध्ये अष्टकोनी चौक, त्यावर ९० फूट उंच छत. भिंती क्विन्सीच्या ग्रॅनाइटच्या, आणि त्यांत ३० कमानदार खिडक्या, एकेक ३३ फूट उंच. कशासाठी? तर कैद्यांना उजेड आणि वारा मिळावा म्हणून! कोठड्या २२०, प्रत्येक साधारण ८ बाय १० फुटांची, आणि एका कोठडीत एकच माणूस. अंधारकोठडी हाच तुरुंगाचा अर्थ असण्याच्या काळात हे फारच पुढचं पाऊल होतं.

कामानिमित्त बोस्टनला गेलो असताना एक रात्र या हॉटेलात राहायचा योग आला. (खर्च कंपनीचा, हे नातेवाईकांच्या माहितीसाठी.) आत शिरल्यावर मान आपोआप वर जाते. तो ९० फुटी चौक म्हणजे आता लॉबी. भोवती मजल्यामजल्यांवर कैद्यांच्या वेळचे सज्जे तसेच आहेत. खिडक्यांतून उजेडाचे लांबलचक पट्टे विटांच्या भिंतींवर पडतात. जवळजवळ ३०० खोल्यांपैकी जुन्या दगडी इमारतीत जेमतेम १८. बाकीच्या शेजारी बांधलेल्या नव्या उंच इमारतीत. माझी खोली अर्थात नव्या बाजूला. रात्री मात्र बराच वेळ लॉबीतच बसून होतो. हॉटेल उघडलं तेव्हा तिथल्या रेस्टॉरंटचं नाव ठेवलं 'क्लिंक', म्हणजे बोली इंग्रजीत तुरुंग. दारुड्यांना रात्रभर डांबून ठेवायची जी जागा होती, तिथेच बार काढला, 'अ‍ॅलिबाय' नावाचा. पूर्वी प्यायल्यावर जिथे टाकत, तिथे आता प्यायला जायचं!

हसू येतं खरं. पण या तुरुंगाचा इतिहास वाचत गेलो तसा एक धागा पुन्हा पुन्हा दिसायला लागला. तो धागा पैशाचा.

१९१९ च्या फेब्रुवारीतली गोष्ट. राष्ट्राध्यक्ष विल्सन युरोपातून परत येताना बोस्टनला उतरले, तेव्हा मताधिकार मागणाऱ्या बायकांनी तिथे निदर्शनं केली. त्यांना पकडलं. दंड पाच डॉलर. भरला असता तर सगळ्या घरी गेल्या असत्या, पण कित्येकींनी भरला नाही आणि याच तुरुंगात आल्या. तुरुंगात बसणं हेच त्यांचं म्हणणं मांडायचं साधन होतं. पुढच्याच वर्षी, १९२० मध्ये, अमेरिकेत स्त्रियांच्या मताधिकाराची घटनादुरुस्ती झाली.

या बायकांनी पैसे भरले नाहीत. पण चार्ल्स स्ट्रीटच्या बहुतेकांची गोष्ट 'भरले नाहीत' अशी नव्हती, 'भरता आले नाहीत' अशी होती. हा मुख्यतः कच्च्या कैद्यांचा तुरुंग. म्हणजे आरोप आहे, खटला उभा राहायचा आहे, गुन्हा अजून सिद्ध झालेला नाही. जामिनाची रक्कम ज्याच्याकडे आहे तो घरी, नाही तो आत. १९७० च्या सुमाराला एकट्यासाठी बांधलेल्या त्या कोठड्यांत दोघं दोघं कोंबलेले असत, तेही दिवसाचा बराचसा वेळ.

१९७१ मध्ये कैद्यांनीच खटला भरला. न्यायमूर्ती आर्थर गॅरिटी यांनी (बोस्टनच्या शाळांमधला वर्णभेद मोडायचा १९७४ चा गाजलेला निकाल यांचाच) नुसती कागदपत्रं वाचून निकाल दिला नाही. ते स्वतः एक रात्र या तुरुंगात राहिले. आणि १९७३ मध्ये निकाल दिला, की इथली परिस्थिती घटनेत बसत नाही. एका कोठडीत एकच माणूस ठेवा, आणि १९७६ च्या मध्यापर्यंत कच्चे कैदी इथे ठेवणंच बंद करा.

बंद व्हायला १९९० उजाडलं. निकालानंतर सतरा वर्षं! आणि पुढचं ऐका. नवा तुरुंग बांधला, तर कैद्यांची संख्या इतकी वाढली होती, की तिथेही एका कोठडीत दोघांना ठेवू द्या म्हणून शेरीफ पुन्हा कोर्टात गेले. प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात पोचलं. परिस्थिती लक्षणीय बदलली असेल तर जुनी कबुली बदलता येऊ शकते, असं १९९२ मध्ये त्या न्यायालयाने सांगितलं.

म्हणजे सुधारली ती इमारत. माणसं फक्त हलवली गेली.

मला हॉटेलवाल्यांवर टीका करायची नाही. सुमारे १५ कोटी डॉलर खर्चून त्यांनी एक सुंदर वास्तू वाचवली. छतावरचा कपोलासुद्धा पुन्हा उभा केला. नाहीतर तिथे आज पार्किंग असतं. जुन्या वास्तूला जगायचं तर काहीतरी काम लागतंच, आणि प्रत्येक तुरुंगाचं स्मारक करता येत नाही. आपल्याकडे अंदमानचं झालं, कारण तिथे कोण होतं हे देशाला माहीत होतं. इथल्या बहुतेकांची नावंही कुणाला ठाऊक नाहीत.

पण त्या लॉबीत बसून वर बघताना मनात येत राहिलं, की ड्वाइट आणि ब्रायंट यांनी हा सगळा उजेड ज्यांच्यासाठी मागवला होता, ते कोण होते. पूर्वी खिशात पैसे नव्हते म्हणून माणसं इथे राहायची, आता असतात म्हणून राहतात. मधल्या काळात खिडक्या मात्र त्याच आहेत, ३३ फूट उंच.