हास्यातून उभारलेले ऋण

१९३१ साली हॉलिवूडमध्ये ‘द स्टोलन जूल्स’ नावाचा सुमारे २० मिनिटांचा विनोदी बोलपट तयार झाला. कथानक नाममात्रच होते. नॉर्मा शिअरर या अभिनेत्रीचे जडजवाहीर चोरीस जाते आणि गुप्त पोलीस त्याच्या शोधार्थ एका नटाकडून दुसऱ्या नटाकडे हेलपाटे घालतो. त्या निमित्ताने बस्टर कीटन, गॅरी कूपर, जोन क्रॉफर्ड असे कितीतरी नामांकित कलावंत क्षणभर पडद्यावर येऊन जातात. लॉरेल आणि हार्डी यांची मोटार तर मुक्कामी पोहोचताच खिळखिळी होऊन कोसळते.

एरवी निरनिराळ्या चित्रसंस्थांशी करारबद्ध असणारी ही मंडळी एकत्र आली ती न्यूयॉर्क राज्यातील सरनॅक लेक येथील क्षयरोग्यांच्या आरोग्यधामासाठी. व्हॉडव्हिल या विविधरंगी रंगभूमीवरील आजारी कलावंतांचे ते आश्रयस्थान होते. क्षयावर गुणकारी ठरलेले स्ट्रेप्टोमायसिन १९४३ साली सापडले. तोवर शुद्ध हवा, सकस आहार आणि महिनोन्‌महिने विश्रांती हाच उपचार होता. आणि गावोगाव फिरून पोट भरणाऱ्या नटाला विश्रांती म्हणजे उपासमार.

या व्हॉडव्हिलचा प्रेक्षकवर्ग बोलपटानेच हिरावून घेतला होता. कीटनसारखे नट तर त्याच रंगभूमीवर लहानाचे मोठे झालेले. प्रायोजक मात्र चेस्टरफिल्ड सिगारेट! फुप्फुसांच्या रुग्णांना धुराच्या व्यापाराने हात द्यावा, ही विसंगती आज तीव्रतेने जाणवते. तथापि विजयी कलेने पराभूत कलेच्या आजाऱ्यांची वास्तपुस्त केली, हे त्या हशामागील सत्य तिने पुसले जात नाही.