स्वाराची मान

आष्टी या नावाची गावे महाराष्ट्रात एकाहून अधिक आहेत आणि त्यामुळे इतिहासाच्या वाचकाची वारंवार फसगत होते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी जेथे पेशव्यांचा सेनापती बापू गोखले धारातीर्थी पडला ती आष्टी सोलापूर जिल्ह्यातील होय. १९४२ च्या ऑगस्टमध्ये ज्या आष्टीचे लोक परसत्तेविरुद्ध उठले ती वर्धा जिल्ह्यातील. बीड जिल्ह्यातील आष्टी या दोहोंहून निराळी. सीना नदीच्या पूर्वेस, बालाघाटच्या खडकाळ मुलखाला लागून ती वसली असून १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात मोडत होता. तिच्या आग्नेयेस, जामखेड ओलांडून पुढे गेले की खर्डा लागते. निंबाळकरांनी बांधलेला तेथील किल्ला अद्याप उभा आहे. ११ मार्च १७९५ रोजी याच खर्ड्याच्या परिसरात पेशव्यांच्या झेंड्याखाली शिंदे, होळकर, भोसले, पटवर्धन असे सर्व मराठे सरदार एकत्र होऊन निजाम अलीशी लढले. मराठी दौलतीचा तो शेवटचा मोठा विजय.

या लढाईचे कारण, तिचा तह, निजामाने कबूल केलेले तीन कोट रुपये, आणि मराठ्यांच्या स्वाधीन करण्यात आलेला त्याचा दिवाण मुशीर-उल्मुल्क, ही कथा शाळेतील मुलांनाही ठाऊक असते. परंतु त्या प्रसंगातील एका लहानशा घटनेकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. मराठी फौजेचे आधिपत्य परशुरामभाऊ पटवर्धनाकडे होते. मुख्य झुंज जुंपण्यापूर्वी भाऊ रणभूमीची पाहणी करण्यास पुढे गेला असता पठाणांच्या एका टोळीशी त्याची गाठ पडली. लालखान नावाच्या शूर पठाणाने स्वहस्ते कित्येकांना कापून काढीत भाऊवर वार केला, आणि सर्व फौजांचा सेनापती जखमी होऊन घोड्यावरून खाली आला. बाप पडलेला पाहताच वडील मुलगा हरिपंत याने लालखानावर झडप घालून त्यास ठार केले. ग्रँट डफने १८२६ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासात हा प्रसंग दिला आहे. भाऊ त्यातून बचावला आणि पुढे १७९९ मध्ये पट्टणकुडीच्या लढाईत मारला गेला.

स्वारावर दोन संकटे असतात, एक शत्रूच्या हत्याराचे आणि दुसरे स्वतःच्या वाहनावरून पडण्याचे. खर्ड्यास भाऊवर ही दोन्ही एकदमच आली. छातीस चिलखत आहे, मस्तकास टोप आहे, डाव्या हातात ढाल आहे. परंतु टोपाची कड संपते आणि चिलखताचा गळा सुरू होतो या दोहोंमध्ये चार बोटांची जी जागा उरते, तिचे काय करावे हा प्रश्न जगातील सर्व लष्करांना पडलेला होता. पाठलाग करणाऱ्याची तलवार बहुधा तेथेच उतरते. शिवाय मान ही वळावी लागते. घोडेस्वाराला मागे पाहता आले नाही तर तो अर्धा आंधळाच झाला. म्हणून त्या जागी पोलादाचा सरसकट पत्रा ठोकून भागत नाही.

हिंदुस्थानातील लोहारांनी यावर जी तोड काढली ती मोठी सुबक होती. लोखंडी टोपाच्या काठाला बारीक कड्यांची जाळी ओवून ती कानांवरून, मानेवरून थेट खांद्यांपर्यंत सोडीत. तिला झिलम म्हणत. डोके वळले की जाळी वळे, आणि वार आला की त्याचा जोर असंख्य कड्यांत वाटला जाई. 'जिरेटोप' या शब्दातील 'जिरे' म्हणजे फारसी जिरह, अर्थात कड्यांचे चिलखत. आज नाटकांतून आणि चित्रांतून जो जरीचा, मोत्याचा तुरा लावलेला टोप त्या नावाने दाखवितात, त्यावरून मूळ शब्दाची कल्पना यावयाची नाही. पुण्याच्या केळकर संग्रहालयासारख्या ठिकाणी जुनी शस्त्रास्त्रे व चिलखते जतन केलेली आहेत. ती पाहिली की भाषेचा हा घोटाळा चटकन ध्यानात येतो. ऐन-ए-अकबरीतील शस्त्रांच्या यादीत तर कंठशोभा असे एक नाव आढळते. ज्या वस्तूने जीव वाचावयाचा तिला शोभेचे नाव देण्याची ही रीत मोठी मजेची आहे.

तथापि या जाळीने सर्व काही साधत नसे. १० नोव्हेंबर १६५९ रोजी प्रतापगडाखाली अफजलखानाने शिवाजी महाराजांना आलिंगन देण्याच्या मिषाने त्यांची मान बगलेत दाबली, असे सभासदाने आपल्या बखरीत लिहिले आहे. महाराजांच्या अंगात चिलखत होते, डोक्यास लोखंडी टोप होता. त्यामुळे खानाचा वार वाया गेला. परंतु मानेवरील ती मगरमिठी चिलखताने सुटली नाही. ती सुटली महाराजांच्या प्रसंगावधानाने. कडी वार अडवितात. मान मुरगळली जात असेल तर त्यांचा उपयोग नाही. वार निराळा आणि मुरड निराळी, हा भेद पुढील विवेचनास फार महत्त्वाचा आहे.

सामान्य मराठा बारगिराला असले चिलखत परवडतही नव्हते आणि मानवतही नव्हते. त्याचे सारे बळ चपळाईत. ग्रँट डफने त्याचे वर्णन केले आहे त्यात गुडघ्यापर्यंतची चोळणी, कापूस भरलेला डगला, कमरेस शेला आणि डोक्यास पागोटे एवढाच पोशाख आहे. मात्र पुष्कळ स्वार त्या पागोट्याचा एक पदर हनुवटीखालून घेऊन आवळीत असत, असे त्याने आवर्जून नमूद केले आहे. घोडा भरधाव असता पागोटे उडू नये हा त्यातील उघड हेतू. परंतु कापडाचे चार-सहा पदर कानाखालून आणि गळ्यावरून गेले म्हणजे ओझरता वार तेथे अडखळणारच. गरिबाची झिलम ती हीच. डोक्यावरील वस्तू हनुवटीखाली बांधलेली नसेल तर ऐन वेळी ती डोक्यावर राहत नाही, हे त्या अशिक्षित स्वाराला पक्के ठाऊक होते. आज शिरस्त्राणाचा पट्टा मोकळा सोडून किंवा शिरस्त्राण कोपरात अडकवून वाहन हाकणाऱ्या सुशिक्षितांना ते ठाऊक नाही.

युरोपात गळ्याभोवती पोलादी पट्टी घालीत, तिला गॉर्जेट म्हणत. बंदुकीचा मारा वाढला तसतशी चिलखते निरुपयोगी ठरली आणि ही पट्टी झिजत झिजत अंमलदाराच्या गळ्यातील चंद्रकोरीएवढी उरली. इंग्रजी फौजेत १८३० साली तीही बंद झाली. परंतु तलवार मात्र गेली नव्हती. सोलापूरकडील आष्टीच्या लढाईत खुद्द इंग्रज सेनापती स्मिथ याच्या डोक्यास तलवारीची जखम झालीच.

यानंतर घोड्याची जागा हळूहळू यंत्राने घेतली. एकोणिसाव्या शतकात उंच चाकाच्या सायकली निघाल्या, त्यांवरून स्वार पुढच्या पुढे डोक्यावर आदळत. १८८५ च्या सुमारास इंग्लंडात स्टार्ले याने दोन सारख्या चाकांची सायकल पुढे आणली, तिचे नावच 'सेफ्टी' पडले. लोकांना वाटले, मानेचे भय संपले. परंतु सुरक्षित वस्तू हाती आली की तिच्यानिशी असुरक्षित जागी जावे हा मनुष्यस्वभाव आहे. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी अमेरिकेतील कॅलिफोर्निया प्रांतात काही तरुणांनी जुन्या, जाड टायरांच्या सायकली डोंगरावर नेऊन तेथून खाली सोडण्याची शर्यत लावली. उतार इतका बिकट होता की ब्रेकमधील वंगण जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर ते पुन्हा भरावे लागे. त्यावरून शर्यतीला 'रिपॅक' हे नाव पडले. गॅरी फिशर, जो ब्रीझ, चार्ली केली ही त्या मंडळींतील प्रमुख नावे. पुढे वीस वर्षांत हा खेळ इतका मान्यता पावला की १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये त्याचा समावेश झाला.

डोंगर उतरताना पुढचे चाक दगडाला अडले की स्वार हँडलवरून फेकला जातो. त्याचे डोके जमिनीस टेकून थांबते, मागून येणारे धड मात्र थांबत नाही. दोहोंमध्ये सापडतात ते मानेचे सात मणके आणि त्यांतून जाणारा मज्जारज्जू. येथे तलवारीचा वार नाही. येथे मुरड आहे, दाब आहे. म्हणून कड्यांची जाळी येथे कामाची नाही. दक्षिण आफ्रिकेतील डॉक्टर ख्रिस लीट यांच्या परिचयाचा एक मोटारसायकलस्वार २००१ मध्ये अशाच अपघातात मरण पावला, आणि त्यांनी मानेभोवती बसणारे एक कडे बनविण्याचा ध्यास घेतला. त्याआधी अमेरिकेत हबर्ड व डाउनिंग या दोघांनी मोटारशर्यतींसाठी 'हॅन्स' नावाचे साधन केले होतेच. परंतु त्यात शिरस्त्राण पट्ट्यांनी जखडलेले असते, आणि पट्ट्याने आसनाला बांधलेल्या मोटारस्वारालाच ते चालते. लीट यांचे कडे खांद्यांवर, छातीवर व पाठीवर टेकते. डोके मर्यादेबाहेर मागे, पुढे किंवा बाजूस झुकू लागले की शिरस्त्राणाची कड त्या कड्यावर येऊन बसते आणि मानेवर पडणारा भार अंशतः खांद्यांकडे व छातीकडे वळतो.

या रचनेतच त्याच्या निवडीचे सारे मर्म आहे. ज्या शिरस्त्राणाला हनुवटीचा दांडा नाही, त्याची कड कड्याला नीट भिडतच नाही. अर्धे शिरस्त्राण घालून मानेचे कडे वापरणे म्हणजे टोपाविना झिलम बांधण्यासारखे आहे. विकत घेताना छातीचे व मानेचे माप घ्यावे, स्वतःचे शिरस्त्राण आणि अंगातील कवच बरोबर न्यावे, आणि दुकानातच सायकलवर बसून पाहावे. नजर वर उचलून पुढची वाट दिसते काय, मान दोन्ही बाजूंस वळते काय, कडे गळ्याच्या हाडावर बोचते काय, एवढ्याची खात्री झाल्यावाचून पैसे मोजू नयेत. मागील टेकण पाठीवर सपाट बसले पाहिजे. पाठीवर पिशवी घेतल्यास ते उचलले जाते. एकदा जोराने आपटलेले कडे बाहेरून धड दिसले तरी त्याचा भरवसा धरता येत नाही.

या साधनाविषयी जाणत्यांचे एकमत नाही, हेही सांगितले पाहिजे. जगातील कित्येक नामांकित शर्यतपटू ते घालीत नाहीत. नजर वर उचलण्यास ते अडथळा करते, अशी त्यांची तक्रार असते. ती अगदीच खोटी नाही. बालाघाटच्या मुरमाड वाटांनी, गाडीच्या चाकोरीतून, ओढ्यानाल्यांतून बेताच्या वेगाने सायकल चालविणाऱ्या तरुणाला प्रथम हवे ते चांगले, घट्ट बांधलेले शिरस्त्राण. मानेचे कडे नंतर. उभ्या घाटाने वेगाचा खेळ खेळावयाचा असेल तर मात्र हनुवटीच्या दांड्याचे शिरस्त्राण आणि मानेचे कडे ही दोन्ही एकत्रच घ्यावीत.

आणि इतके करूनही कोणी डोंगरात पडलाच, तर सोबत्यांनी त्याला खांद्याला धरून उठवून बसवू नये, शिरस्त्राण ओढून काढू नये, पाणी पाजण्यासाठी डोके उचलू नये. श्वास नीट चालू असेल तर कडे व शिरस्त्राण तसेच ठेवून, डोके दोन्ही हातांनी आहे त्याच स्थितीत धरून, त्यास आहे तेथेच राहू द्यावे आणि १०८ क्रमांकावर गाडी बोलवावी. महाराष्ट्रात २०१४ पासून ही सोय आहे. कड्याच्या खटक्या कोठे आहेत आणि त्या कशा उघडतात, हे मात्र निघण्यापूर्वीच सर्व सोबत्यांनी एकमेकांस दाखवून ठेवावे.