नैराश्य
नैराश्य (विषादविकार) : मनःस्थितीचा आजार. नापास झाल्यावर किंवा घरातले माणूस गेल्यावर होणारे दुःख म्हणजे नैराश्य नव्हे. उदासी किंवा कशातच रस न वाटणे बहुतेक दिवसभर, जवळजवळ रोज, किमान 2 आठवडे टिकले आणि सोबत झोप, भूक, एकाग्रता बिघडली, उगाच अपराधी वाटू लागले, मरणाचे विचार आले, तर हे निदान होते. आपल्याकडे ‘मन उदास आहे’ असे रुग्ण क्वचितच म्हणतो. अंग दुखते, पहाटेच जाग येते, अशी तक्रार घेऊन तो फॅमिली डॉक्टरकडे जातो. थायरॉइड मंदावल्यानेही अशीच लक्षणे दिसतात, म्हणून ती तपासणी करावी.

सौम्य आजारात मानसोपचार पुरू शकतात. तीव्र आजारात औषधांची जोड लागते. फ्लुओक्झेटीनसारख्या गोळ्यांचा गुण यायला 2 ते 4 आठवडे लागतात. त्यांची नशा होत नाही. पण बरे वाटताच आपल्या मनाने त्या बंद केल्यास आजार उलटू शकतो. अतितीव्र अवस्थेत भूल देऊन केले जाणारे विद्युत उपचार प्रभावी ठरतात, चित्रपटांनी ते कितीही बदनाम केले असले तरी. ‘कासव’ हा मराठी चित्रपट (2016) मात्र या आजाराकडे समंजसपणे पाहतो. मदतीसाठी केंद्र सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या दूरध्वनी सेवेचा (2022) क्रमांक 14416. तेथे मराठीतूनही विनामूल्य बोलता येते.